अकरा स्टोन म्हणजे किती हो?

प्रश्न: ताई, माझा चुलतभाऊ लंडनला असतो, परवा फोनवर म्हणाला वजन अकरा स्टोन झालंय, आणि अमेरिकेतली भाची पौंडात सांगते. आम्ही इंदूरचे किलोवाले, काही कळेना! आणि पौंड म्हणजे पैसे ना?
– एक वाचक, इंदूर

उत्तर: पौंड वजनाचाही आणि पैशाचाही, दोन्ही बरोबर! एक स्टोन म्हणजे 14 पौंड, म्हणजे तुमचा भाऊ 154 पौंडाचा, जवळपास 70 किलो, काळजी नको (तुमच्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीत रोज रात्री जिलबी खाणाऱ्यांनी करावी). अमेरिकेत स्टोन चालतच नाही, सरळ पौंड. टनातही गडबड आहे, ब्रिटिश जुना टन 2240 पौंडांचा आणि अमेरिकन 2000 चा, म्हणून व्यवहारात नुसतं टन म्हटलं की कुठला ते विचारून घ्यायचं.

पैशाचा पौंड मुळात चांदीच्या वजनावरूनच आला. 1971 पर्यंत त्याचे 20 शिलिंग आणि शिलिंगाचे 12 पेन्स, म्हणजे 240 पेन्स, आता 100. ऑस्ट्रेलियाने तर 1966 मध्ये पौंड सोडून डॉलरच घेतला. हसू नका, आपल्याकडेही 1957 पर्यंत रुपयाचे 16 आणे होतेच की, आजीला विचारा!