विद्यापीठातले कॉम्प्युटेशनल फिजिक्सचे प्राध्यापक नेमकं काय करतात? प्रयोगशाळा नाही, मग संशोधन कसलं? आणि त्याचा शिकवण्याशी काही संबंध असतो का?

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट कोणाकडे करावा हे ठरवायचंय, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात हाच विषय, म्हणजे भौतिकशास्त्रातले प्रश्न संगणकावर सोडवणं, शिकवते आणि माझं संशोधनही त्यातच आहे.

गॅलियमचं उदाहरण घ्या. हा धातू २९.७६ अंश सेल्सिअसला, म्हणजे साधारण ३०३ केल्विनला वितळतो; तळहातावर ठेवला तरी पाणी होतो. कण लहान केला की द्रवणांक खाली येतो, कारण पृष्ठभागावरच्या अणूंना शेजारी कमी असतात, असं आपण शिकतो. पण २००३ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात प्रयोग झाले, तेव्हा गॅलियमच्या मोजक्या अणूंचे पुंजके याच्या अगदी उलट वागताना दिसले. मोठा तुकडा ज्या तापमानाला केव्हाच वितळला असता, त्याच्या कितीतरी वर ते घनच राहत होते. असं का, हे प्रयोगातून थेट दिसत नाही. २००४ मध्ये पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह १७ आणि १३ अणूंचे पुंजके संगणकावर ‘तापवून’ पाहिले. द्रवणांक आले सुमारे ६५० आणि १४०० केल्विन! कारणही सापडलं: पुंजक्यातले अणू मुख्यतः सहसंयुज बंधांनी (शेजारच्या अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन) बांधलेले असतात, तर मोठ्या तुकड्यात त्याच बंधांत धातूपणा मिसळलेला असतो.

तर आमची प्रयोगशाळा ही अशी असते. प्रत्येक अणूवर किती बल आहे ते क्वांटम यांत्रिकीतून काढायचं. त्याची पद्धत वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४–६५ मध्ये मांडली, कोन यांना त्यासाठी १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. बल कळलं की न्यूटनचा दुसरा नियम लावून अणू किंचित पुढे सरकवायचे, पुन्हा बल काढायचं, पुन्हा सरकवायचे. एक पायरी साधारण एका फेम्टोसेकंदाची. म्हणजे जेमतेम एक नॅनोसेकंद (सेकंदाचा अब्जावा भाग) पाहायचा तर दहा लाख पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला इलेक्ट्रॉनांचं सगळं गणित नव्याने. अणू दुप्पट केले की काम जवळपास आठपट वाढतं. म्हणून सुपरकॉम्प्युटर लागतो, आणि तिथे आपला जॉब, म्हणजे गणिताचं काम, लावून रांगेत थांबावं लागतं.

आता शिकवण्याचं. माझ्या मते खरं उत्तर इथेच आहे.

प्रॅक्टिकलला मी मुलांना सगळ्यात आधी साधा स्प्रिंगला टांगलेला गोळा देते. ऑयलरच्या पद्धतीने, म्हणजे आत्ताच्या वेगाने एक छोटी पायरी पुढे जात, कोड लिहा म्हणते. कोड चालतो, ग्राफ येतो, आणि गोळ्याचा झोका दर फेरीला मोठा होत जातो. घर्षण नाही, ढकलणारं कोणी नाही, मग ही ऊर्जा आली कुठून? वर्गात काही क्षण शांतता असते. मग कागदावर गणित केलं की दिसतं: प्रत्येक पायरीला ऊर्जा (१ + ω²Δt²) पट होतेय (ω म्हणजे झोक्याची कोनीय वारंवारता, Δt म्हणजे एका पायरीचा वेळ). ती निसर्गाची नाही, आपल्या पद्धतीची आहे. मग तेच व्हर्ले नावाच्या दुसऱ्या पद्धतीने करायचं. तिथे ऊर्जा थोडी वरखाली होते, पण पळून जात नाही. गॅलियमसारखे अणू हलवायलाही याच जातीच्या पद्धती वापरतात. पीएच.डी.चा विद्यार्थी नवा निकाल घेऊन आला की मी आधी ऊर्जेचाच ग्राफ मागते. संशोधनातल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं. त्यामुळे संगणकाने दिलेला आकडा केव्हा मानायचा, हे उत्तर माहीत असलेल्या प्रश्नांवरच शिकावं लागतं.

आयसिंग मॉडेल मला याचसाठी फार आवडतं. हे चुंबकाचं साधं मॉडेल: जाळीच्या प्रत्येक बिंदूवर एक बाण, वर किंवा खाली. १० बाय १० ची जाळी घेतली तरी २ चा शंभरावा घात इतक्या अवस्था, सगळ्या मोजणं अशक्य. १९५३ ची मेट्रोपोलिस पद्धत त्यातून नेमक्या महत्त्वाच्या अवस्था निवडत जाते. आणि कुठल्या तापमानाला चुंबकत्व नाहीसं होतं, याचं अचूक उत्तर ऑन्सागर यांनी १९४४ मध्येच काढून ठेवलंय: मॉडेलच्या एककांत २.२६९. मुलांचं उत्तर तिथून थोडं सरकलेलं येतं, कारण त्यांची जाळी लहान आणि ऑन्सागर यांची अनंत. ‘थोडं’ म्हणजे किती, आणि जाळी वाढवली की ते कसं कमी होतं, यावरची चर्चा मला अख्ख्या सेमिस्टरमध्ये सर्वांत मोलाची वाटते.

हैदराबादला जन्मलेल्या अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन (Argonne) नावाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत आरगॉन या मूलद्रव्याच्या ८६४ अणूंचा द्रव संगणकावर तयार केला होता. तेव्हाच्या मोठ्या यंत्रावरचं ते काम आज एम.एस्सी.ची मुलं लॅपटॉपवर करतात. हे मी दरवर्षी आवर्जून सांगते.

बाकी पेपर तपासणं, प्रवेश, अहवाल हे सगळ्याच प्राध्यापकांना असतं.

तुमच्या निवडीबद्दल एकच: गाइडला भेटाल तेव्हा विचारा की आधी स्वतः कोड लिहायला देता, की थेट तयार सॉफ्टवेअर हातात देता? पहिलं करणाऱ्यांकडे जा. सांख्यिकी यांत्रिकी आणि मॅट्रिक्स पक्क्या करा, प्रोग्रामिंगला पायथॉन किंवा फोरट्रान यांपैकी काहीही चालेल. आणि या सुट्टीत तो स्प्रिंगचा कोड दोन्ही पद्धतींनी लिहून ऊर्जेचे दोन ग्राफ काढा. गाइडना भेटायला जाताना ते सोबत न्या.