पुढचं चाक एवढं मोठं कशासाठी?

प्रश्न: जुन्या चित्रांतल्या सायकलींचं पुढचं चाक छातीएवढं उंच का दिसतं?

उत्तर: वेगासाठी. त्या सायकलींना साखळी नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा. व्यास १.५ मीटर असला, तर एका फेऱ्यात सुमारे ४.७ मीटर अंतर. व्यास आणखी वाढवावा, तर पाय पुरायला हवेत. त्यामुळे चाक स्वाराच्या पायांच्या मापाचं घ्यावं लागे. बैठक जवळजवळ आसाच्या वरच. चाक दगडाला अडलं, की स्वार हँडलवरून थेट डोक्यावर!

१८८५मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ या सायकलीमध्ये साखळी मागचं चाक फिरवू लागली. समजा, पायडलजवळच्या दातेरी चक्राला ४४ आणि मागच्या चाकावरच्या चक्राला २२ दाते आहेत. मग पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं; म्हणून ७५ सेंटिमीटर व्यासाचं चाकही तेवढंच अंतर कापतं, आणि पाय जमिनीला टेकतात.