मुलगा वादात जिंकतो, पण माणसं तुटतात

"याला मोठ्यांशी कसं बोलायचं ते शिकवा," आईने एवढंच काम माझ्यावर सोपवलं. मी समुपदेशक, असे पालक माझ्याकडे दर महिन्याला येतात. मुलाला गप्प करून हवं असतं, फक्त तसं म्हणवत नाही.

चिरंजीव अकरावीत, वादविवाद स्पर्धांच्या ढाली घरात मावेनात. गणपतीआधी सोसायटीच्या सभेत डीजेचा विषय निघाला, तेव्हा त्याने २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम वाचून दाखवले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. सगळं बिनचूक. मग मंडळाच्या काकांकडे वळून म्हणाला, "तुमच्यासारख्या अडाण्यांना हे कळायचं नाही." लहानपणी याच काकांच्या स्कूटरवरून तो शाळेत जायचा. काकांनी बोलणं टाकलं, वडिलांनी मोबाइल काढून घेतला.

पहिल्या भेटीत मी चुकलो. आवाज खाली ठेव, 'मला वाटतं' म्हण, वगैरे शिकवलं. पुढच्या वेळी आला तो कुरकुरतच, "मी एकदम शांत बोललो, तर काका जास्तच भडकले." भडकणारच. तुच्छता तशीच होती, मी तिला फक्त इस्त्री करून दिली होती.

मग त्याला न्यायदर्शनातले तीन शब्द सांगितले. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता नुसती समोरच्याची पाडायची ती वितंडा. "म्हणजे मी वितंडा घातला?" "नाही रे, तुला बाजू होती. जल्प." त्याला हे आवडलं नाही, पण वहीत लिहून घेतलं.

काम एकच दिलं. काकांचा पूर्वपक्ष, म्हणजे उत्तर देण्याआधी त्यांची बाजू, मांडायचा, तोही असा की काकांनी 'अगदी हेच' म्हटलं पाहिजे. "त्यांना धिंगाणा हवाय, दुसरं काय!" म्हणाला. मी म्हटलं, विचारून ये. तीन आठवडे लागले.

काका म्हणाले होते, "मंडळातली पोरं वर्षभर दारोदार पार्सलं पोचवतात. दहा दिवस त्यांचे. इथे चाळ होती तेव्हा कोणी मीटर घेऊन आलं नाही. इमारती झाल्या आणि आम्ही उपद्रवी ठरलो."

आता बोलायला काहीतरी होतं. आवाज किती, हे मीटर सांगतं. कोणाच्या आनंदासाठी कोणी किती सोसावं, हे सांगत नाही. तळमजल्यावरच्या हृदयविकाराच्या आजी एका बाजूला, ती पोरं दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, "३१ डिसेंबरला गच्चीवर तुमचे स्पीकर होते ना?"

"ते बाराला बंद केले."

"दहाला नाही?"

"काही दिवस बारापर्यंत सूट असते सर!"

"तीच सूट विसर्जनालाही मिळते."

तो बराच वेळ पंख्याकडे बघत बसला. मी मुद्दाम काही बोललो नाही. समुपदेशकाला ही गप्प बसण्याची फी मिळायला हवी.

पालकांनी रागावू नये, पण जल्प मुलं घरातच शिकतात. रात्री टीव्हीवर चौघे एकदम ओरडतात, आणि जेवणाच्या टेबलावर 'मी सांगतो म्हणून' हे शेवटचं प्रमाण असतं.

पुढच्या सभेत तो डीजेच्या विरोधातच बोलला, पण सुरुवात काकांच्या बाजूने केली. काकांनी मध्येच थांबवून "एक राहिलं तुझं" म्हणत भर घातली. मतदानात डीजे जिंकला. आजींच्या इमारतीपुढून मात्र स्पीकरच्या भिंती बंद करून न्यायच्या, असं काकाच म्हणाले.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "आता मला विचारतो, ताईला नऊच्या आत घरी आणि मला अकरापर्यंत सूट, याचं कारण सांग."

"मग काय सांगितलंत?"

"म्हणून तर तुम्हाला फोन केला."