परदेशात माल विकणाऱ्या छोट्या कंपनीला सरकार खरंच काही मदत करतं का?

तुम्ही लिहिलंय की छोटं युनिट आहे, पहिली परदेशी ऑर्डर येऊ घातलीय, कोणत्या सरकारी योजनेला अर्ज करावा, अनुदान किती मिळेल आणि त्यासाठी एजंट धरावा का. एजंटचं आधी सांगते: धरू नका. परदेशातल्या प्रदर्शनाच्या खर्चाचा परतावा मिळवून देतो म्हणून एकानं आमच्याकडून आगाऊ पैसे नेले. पुढच्या वर्षी तोच अर्ज मी स्वतः अर्ध्या दिवसात भरला.

आणि अनुदानाची आशा सोडा. निर्यात केली म्हणून थेट पैसे देणं जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत बसत नाही. अमेरिकेनं भारताच्या योजनांविरुद्ध तक्रार केली आणि 31 ऑक्टोबर 2019 ला निकाल आपल्या विरोधात गेला. निर्यातीवर बक्षीस देणाऱ्या ज्या एमईआयएस योजनेबद्दल जुने निर्यातदार अजून हळहळतात, ती 2020 च्या अखेरीस बंद झाली. 1 जानेवारी 2021 पासून तिच्या जागी रोडटेप ही योजना आहे. त्यात तुमच्या मालात मुरलेले आणि एरवी परत न मिळणारे कर परत मिळतात, तेही स्क्रिपच्या रूपात, म्हणजे रोख नाही तर आयात शुल्क भरायला चालणारं किंवा विकता येणारं क्रेडिट. शिपिंग बिल, म्हणजे कस्टमचा निर्यात अर्ज, भरतानाच त्याचा दावा टाकायला सीएचएला (कस्टमचं काम करणाऱ्या एजंटला) बजावून सांगा. प्रदर्शनाला जायचं तर सरकारच्या बाजारपेठ-साहाय्य योजनेतून स्टॉलचा आणि विमानाचा काही खर्च मिळतो, पण आधी खिशातून घालावा लागतो आणि अर्ज निर्यात परिषदेमार्फत (तुमच्या मालाच्या निर्यातदारांची सरकारमान्य संस्था), जाण्याआधी करावा लागतो. या दोन्ही गोष्टी तुम्हाला कुणीही सांगेल.

मी लिहायला बसले ते ईसीजीसीसाठी. निर्यातीच्या उधारीचा विमा उतरवणारी ही केंद्र सरकारची कंपनी. बायर बुडाला, त्यानं पैसे थकवले किंवा त्याच्या देशात युद्ध, आयातबंदी, डॉलरची टंचाई असं काही झालं तर ती भरपाई देते. आमच्या घरात या एका गोष्टीवरून जेवढं भांडण झालंय तेवढं वाटणीवरूनही झालं नाही.

शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. पंपाचे इंपेलर आणि केसिंग करतो. दादा शॉपफ्लोअर आणि बायर बघतो, मी कागद बघते. पॉलिसी घ्यायची म्हटलं तेव्हा दादा म्हणाला, "सरकारला प्रीमियम द्यायचा आणि वर त्यांनाच दर महिन्याला हिशोब द्यायचा? हे काय नवीन खूळ?" नवीन नाही, ही कंपनी 1957 पासून आहे आणि ब्रिटननं तर असला विमा 1919 मध्येच सुरू केला, हे मी त्याला सांगितलं. वर्षाचा प्रीमियम आमच्या महिन्याच्या वाळूच्या बिलापेक्षा कमी होता. शेवटी बाबांनी माझ्या बाजूनं सही केली.

कोलंबोचा एक बायर आमच्याकडून सहा वर्षं माल घेत होता. जानेवारी 2022 मध्ये त्याला 41 हजार डॉलरचा माल गेला, डीए 60 दिवस, म्हणजे बायरनं बिल स्वीकारून माल घ्यायचा आणि पैसे 60 दिवसांनी द्यायचे. ड्यू डेट 24 मार्च. मार्चमध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळायला लागला होता. जो डॉलर 200 ला मिळायचा तो मेपर्यंत 360 च्या आसपास गेला. 12 एप्रिलला श्रीलंकेनं परदेशी कर्जाचे हप्ते थांबवल्याचं जाहीर केलं. आमचा बायर रोज फोन करायचा. त्यानं त्याच्या बँकेत रुपये भरले होते, पण बँकेकडे बाहेर पाठवायला डॉलरच नव्हते. भारतानं श्रीलंकेला दिलेलं 1 अब्ज डॉलरचं कर्ज होतं, पण ते अन्न, औषधं असल्या गरजेच्या वस्तूंसाठी. पंपाच्या केसिंगला त्यात कुठून जागा मिळणार?

आता खरं भांडण. रक्कम 30 दिवसांच्या वर थकली की पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत ईसीजीसीला कळवावं लागतं. दादा म्हणाला, कळवू नकोस. त्याच्या नावावर थकबाकी लागेल, लिमिट (ईसीजीसीनं त्याच्यासाठी मंजूर केलेली उधारीची मर्यादा) जाईल, सहा वर्षांचा माणूस दुखावेल. मी म्हटलं, 15 तारीख गेली तर क्लेमही गेला. 14 मेच्या रात्री ऑफिसात मी एकटी बसले होते. मेल्टिंगची पाळी चालू होती, काच थरथरत होती. फॉर्म भरून झाला होता आणि मी सबमिट दाबत नव्हते, कारण दादाला न सांगता कारखान्यात आजवर मी काही केलं नव्हतं. मग मी कोलंबोला फोन लावला आणि बायरला सरळ सांगितलं की तुमची थकबाकी मी कळवतेय. तो म्हणाला, "कळवा मॅडम. मी रुपये भरल्याची पावतीही देतो." दहा मिनिटांत बँकेच्या शिक्क्याच्या पावतीचा फोटो आला. कोपऱ्यात मेणबत्तीचा उजेड दिसत होता, तिकडे वीज गेलेली. मी सबमिट दाबलं.

क्लेमच्या फाइलमध्ये तोच कागद सगळ्यात उपयोगी पडला. बायर पैसे द्यायला तयार होता आणि अडवणूक देशाच्या डॉलरची होती, हे त्या पावतीनं सिद्ध झालं. आमच्या पॉलिसीत 90 टक्के भरपाई होती, तेवढी आली. त्या महिन्याचे पगार त्यातूनच झाले.

दादा आजही पाहुण्यांत सांगतो की बायर चांगला होता, पैसे आलेच असते. बायर चांगलाच होता, मला ते त्याच्याइतकंच माहीत आहे. पण पैसे आले 2023 मध्ये. तोपर्यंत बँकेचं कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) कुठून भरलं असतं, याचं उत्तर त्यानं अजून दिलेलं नाही. शिवाय क्लेम मिळाल्यावर मूळ पैसे आले की त्यातला ईसीजीसीचा हिस्सा त्यांना परत करावा लागतो. तो पाठवताना दादा पुन्हा तापला होता. ज्यांनी आपल्याला अडचणीत सांभाळलं त्यांचं देणं देताना कुरकुर कसली, असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं.

तुमची मूळ शंका कोणत्या योजनेला अर्ज करावा ही होती. आयईसी (आयात-निर्यातीचा सरकारी कोड) आणि निर्यात परिषदेचं सदस्यत्व झालं असेल असं धरते. बायर खरा आहे का हे त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाला ईमेल करून विचारता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

एक गोष्ट मी वर सांगायला हवी होती. मालाच्या दर्जावरून बायरनं वाद घातला तर हा विमा लागू होत नाही. त्याच्या देशातल्या कोर्टातून तुमच्या बाजूनं निकाल आणलात तर गोष्ट वेगळी. एका दुसऱ्या बायरनं ब्लोहोलची (ओतकामात हवेनं पडणाऱ्या पोकळ्यांची) तक्रार काढून आमची अर्धी रक्कम कापली, तेव्हा पॉलिसी असूनही काही मिळालं नाही. तेव्हापासून प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल बायरच्या सहीनिशी घेतल्याशिवाय मी कंटेनर बंद करू देत नाही. रुपया-डॉलरच्या चढउताराचं नुकसानही यात येत नाही, ते बँकेच्या फॉरवर्डनं, म्हणजे डॉलरचा दर आधीच ठरवून घेण्याच्या करारानं सांभाळायचं. आणि बायरच्या मंजूर लिमिटच्या वरचा माल तुमच्या स्वतःच्या जोखमीवर जातो.

म्हणून पहिली ऑर्डर उधारीवर असेल तर माल मशिनिंगला जायच्या आधीच ईसीजीसीकडे बायरचं लिमिट मागा. मंजुरी येईपर्यंत भागीदार किंवा भाऊ कितीही घाई करो, ट्रक न्हावाशेव्याला सोडू नका.