दुसऱ्या दीर्घिकेतल्या तारकागुच्छाचं वय नुसत्या रंगावरून काढता येतं का?

नाही. नुसत्या रंगावरून आलेल्या आकड्याला मी वय म्हणतच नाही, आणि हे एमएस्सीच्या प्रोजेक्टात मार्क घालवून सांगतोय.

मी बेळगावचा, बाबा मिठाईच्या दुकानात आचारी, कुंदा करायचे. कढईजवळ बसून लहानपणीच बघितलो की कुंद्याला तांबूस रंग दूध जास्त आटवलं तरी येतो आणि साखर जास्त जाळली तरी येतो, रंग बघून चुलीवर किती वेळ होता ते सांगता येत नाही. गुच्छाचं तेच आहे की. म्हातारा झाला की लाल, धातू (खगोलात हायड्रोजन-हेलियम सोडून बाकी सगळी मूलद्रव्यं) जास्त असले तरी लाल. जुन्या गुच्छाचं वय तिप्पट करा नाहीतर धातू दुप्पट, रंगात जवळपास सारखाच फरक, खगोलशास्त्रज्ञ वर्दी (Worthey) यांनी 1994 सालीच दाखवलंय.

मला देवयानी दीर्घिकेतला गुच्छ होता. 25 लाख प्रकाशवर्षं लांब, जमिनीवरच्या दुर्बिणीला तारे सुटे दिसत नाहीत, सगळा उजेड एकत्रच. (मोठा मॅगेलनी मेघ, म्हणजे आपल्या शेजारची छोटी दीर्घिका, 1.6 लाख प्रकाशवर्षांवर, तिथं तारे एकेक मोजून मुख्य क्रम, म्हणजे रंग-तेजाच्या आलेखातली हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची ओळ, कुठं वळतो ते बघून वय काढता येतं, ते काम वेगळं.) गाईड म्हणाले, धातू सूर्याच्या दहाव्या हिश्शाइतके धर आणि 12 अब्ज वर्षं लिही. धर म्हणजे काय? मी अर्काइव्हमधला स्पेक्ट्रम (उजेडाची रंगवार फोड) घेतलो, वयासाठी हायड्रोजनची एच-बीटा रेष, धातूंसाठी मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या रेषा, वेगवेगळ्या वय-धातूंना रेषा किती ठळक हव्यात ते सांगणाऱ्या मॉडेलच्या जाळ्यावर मांडलो तर धातू जास्त निघाले आणि वय 5 अब्ज. व्हायवात कुंद्याचं उदाहरण दिलो तर "हे हलवायाचं दुकान नव्हे" म्हणून सगळ्यांसमोर गप्प बसवले. बाबा बाहेर बाकावर बसलेले, दार उघडंच होतं. ते अजून लागतंय.

हां, एक राहिलं. जुन्या गुच्छात कधीकधी केंद्रात हेलियम जाळणारे तापलेले निळे तारे असतात, त्यांच्यामुळं एच-बीटा ठळक होते आणि म्हातारा गुच्छ तरुण वाटतो. माझे 5 अब्जही त्यातलेच असू शकतील, म्हणून अल्ट्राव्हायोलेटमध्ये तपासायचं, आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या अवकाश दुर्बिणीनं देवयानीचं तसलं सर्वेक्षण केलंय. शिवाय गुच्छ लहान असला तर दोन-चार लाल राक्षसी ताऱ्यांनीच रंग फिरतो, आणि धुळीनं लाली येते ती वेगळीच. पण म्हणून 12 बरोबर ठरत नाही, तो आकडा धरलेला होता, मोजलेला नव्हे.

तुमचा प्रोजेक्ट असेल तर स्पेक्ट्रमशिवाय हात घालू नका. आणि गाईड "धर" म्हणाले तर कुठला आकडा, कशावरून, ते त्यांच्याकडूनच रिपोर्टात लिहून घ्या, खाली सही त्यांची.