लॅपटॉप ५.१ होम थिएटरला जोडला, तरी आवाज पुढच्या दोनच स्पीकरमधून का येतो?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून होम थिएटरच्या 'ऑक्स'मध्ये लावली. गाणी छान वाजतात, पण सिनेमा लावला की मधला स्पीकर आणि मागचे दोन्ही मुके. आता नवीन सिस्टिम घ्यावी का, असं विचारलंय. नका घेऊ. तुमचे स्पीकर धडधाकट आहेत. त्यांच्यापर्यंत त्यांचा आवाज पोहोचतच नाहीये, एवढंच.

हेडफोनच्या त्या बारक्या पिनेतून दोनच आवाज जातात, डावा आणि उजवा. ५.१ म्हणजे सहा वेगळे आवाज: पुढचे दोन, मधला, मागचे दोन आणि सबवूफरचा. सिनेमातलं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरसाठी वेगळं ठेवलेलं असतं. लॅपटॉप हे सगळं दोनांत कालवतो आणि बाहेर पाठवतो. एकदा कालवलं की पुढे कितीही भारी यंत्र असलं तरी ते मूळ सहा आवाज जसेच्या तसे वेगळे करू शकत नाही. ब्लूटूथचंही तेच, नेहमीच्या ब्लूटूथवरून सिस्टिमला स्टिरिओच, म्हणजे डावा-उजवा एवढाच आवाज मिळतो.

मग वायर कोणती? पर्याय असेल तर एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी वायर, दुसरा विचार नको. तिच्यातून आठ चॅनेलपर्यंतचा, म्हणजे आठ वेगवेगळ्या स्पीकरांचा आवाज कुठेही न दाबता (कॉम्प्रेस न करता) जातो, आणि ही सोय एचडीएमआयच्या २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. त्यामुळे आवाजासाठी महागडी 'स्पेशल' वायर लागत नाही. लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर त्यातून एचडीएमआय काढणारा ॲडॉप्टर चालतो, पण सगळ्याच यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. काही पोर्ट केवळ चार्जिंग आणि फायलींपुरते असतात. ॲडॉप्टर घेण्याआधी लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेत हे बघून घ्या.

आता ज्याच्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो, ती गोष्ट. वायर कुठली, यापेक्षा ती आधी कुठे जाते हे जास्त महत्त्वाचं आहे.

माझ्याकडे लॅपटॉपची एचडीएमआय टीव्हीला होती आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायर (उजेडावर आवाज नेणारी) रिसीव्हरला, म्हणजे होम थिएटरचे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मुख्य डब्याला. वरवर बघता काहीच चूक नाही. पण विंडोजमध्ये स्पीकरची मांडणी निवडायला गेलं की यादीत एकच पर्याय: स्टिरिओ. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकले, वायर बदलल्या, रिसीव्हर रिसेट केला. दोन आठवडे यात गेले. मग एका संध्याकाळी एचडीएमआयची वायर टीव्हीतून काढून रिसीव्हरच्या मागे लावली आणि रिसीव्हरमधून दुसरी वायर टीव्हीला दिली. तीच यादी उघडली, तर ५.१ समोर.

कारण असं, की एचडीएमआय जोडताक्षणी लॅपटॉप शेजारच्या यंत्राला विचारतो, 'तुला काय काय वाजवता येतं?' ते यंत्र एक छोटी माहितीची चिठ्ठी परत देतं. तिला ईडीआयडी म्हणतात. माझ्या टीव्हीने प्रामाणिकपणे सांगितलं होतं, 'मला दोनच स्पीकर.' त्याच्या पलीकडे पाच स्पीकर आणि सबवूफर वाट बघत बसलेत हे लॅपटॉपला कळणार कसं? रिसीव्हर थेट शेजारी आला आणि उत्तर बदललं. म्हणून आधी लॅपटॉप, मग रिसीव्हर, मग टीव्ही. ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यांतल्या बऱ्याच जणांची अडचण या एका बदलाने सुटली.

जोडल्यावर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड आणि तिथे खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' उघडा. 'प्लेबॅक'मध्ये रिसीव्हरचं नाव दिसेल. त्यालाच डिफॉल्ट करा, नाहीतर आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरमधून येत राहतो. मग 'कॉन्फिगर', '५.१ सराउंड' आणि 'टेस्ट'. टेस्टमध्ये एकेक स्पीकर पाळीपाळीने वाजतो. तेव्हा खोलीच्या मध्यभागी बसून खरंच कान देऊन ऐका. डावा-उजवा अदलाबदल झालेला असतो, एखादी वायर ढिली असते, ते सगळं इथेच सापडतं. ५.१ चे दोन पर्याय दिसले आणि एकात मागचे स्पीकर वाजले नाहीत, तर दुसरा करून बघा. एकात ते 'मागचे' धरलेले असतात, दुसऱ्यात 'बाजूचे'. मॅकवर हेच काम 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये होतं, लिनक्सवर साउंडच्या प्रोफाइलमध्ये एचडीएमआयचा ५.१ पर्याय निवडून.

एक लक्षात ठेवा: लॅपटॉप रिसीव्हरला स्क्रीनच समजतो. चित्र बंद केलं तर आवाजही जातो. टीव्ही नको असेल तरी डिस्प्ले 'डुप्लिकेट' किंवा 'एक्सटेंड'वर राहू द्या.

तुमच्या सिस्टिमला एचडीएमआय आहे असं वाटत असेल तर पोर्टजवळचं अक्षर वाचा. डबाबंद मिळणाऱ्या बऱ्याच होम थिएटरांना आणि साउंडबारना एकच एचडीएमआय असतं आणि त्यावर 'आउट' आणि 'एआरसी' (ऑडिओ रिटर्न चॅनेल) लिहिलेलं असतं. ते टीव्हीकडे जाणारं दार आहे. लॅपटॉप तिथे लावून आवाज येणार नाही. अशा वेळी लॅपटॉप टीव्हीलाच लावावा लागतो आणि टीव्हीचा आवाज एआरसीवरून परत सिस्टिममध्ये येतो. साधं एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून न दाबलेला आवाज दोनच चॅनेलचा जातो, ५.१ हवा असेल तर तो डॉल्बी डिजिटलसारखा दाबलेलाच लागतो. नंतरच्या ईएआरसीमधून न दाबलेला ५.१ सुद्धा जातो, पण त्यासाठी टीव्ही आणि सिस्टिम दोघांतही ते हवं.

ऑप्टिकलचंही गणित हेच. तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली ही वायर, टोकाशी लाल उजेड दिसतो ती. तिच्यातला न दाबलेला आवाज दोन चॅनेलपुरताच असतो: ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट धरले तर सेकंदाला साधारण १.५ मेगाबिट. सहा चॅनेल तसेच पाठवायचे तर ४.६ मेगाबिट लागतील. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल मात्र ४४८ किलोबिटपर्यंतच असतो, म्हणून तो आरामात जातो. तेव्हा ऑप्टिकल किंवा एआरसी असेल तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये 'पासथ्रू' सुरू करा. मग व्हीएलसी आवाज उलगडत न बसता फाइलमधला डॉल्बी जसाच्या तसा पुढे देतो आणि सिस्टिम तो स्वतः उलगडते. मधला टीव्ही तो अडवणारा नसावा, एवढी अट. असं चालू असताना लॅपटॉपचं व्हॉल्यूम बटण काम करत नाही. तो बिघाड नाही, आवाज रिमोटनेच कमी-जास्त करायचा.

सिस्टिमच्या मागे हिरवी, काळी, केशरी अशा तीन पिनांची जागा असेल तर यूएसबीवर चालणारं ५.१ साउंड कार्ड हा चांगला मार्ग आहे. हिरवी पुढच्यांची, काळी मागच्यांची, केशरी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. जोडल्यावर संवाद सबवूफरमधून घुमायला लागले तर मधला आणि सबवूफर उलटे झालेत. कार्डाच्या सेटिंगमध्ये ते बदलता येतं.

अशा ॲनालॉग वायरीत, आत्ताच्या तुमच्या 'ऑक्स'मध्येसुद्धा, चार्जर लावल्यावर हूं... असा आवाज येऊ शकतो. चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर तो अर्थिंगचा लूप आहे. यावर चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपा करून ऐकू नका. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. वायरमध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा किंवा ऑप्टिकलवर या. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्यातून वीज जात नाही, त्यामुळे तिथे हा लूपच तयार होत नाही.

सगळं बरोबर जोडूनही मागचे गप्प असतील तर तुम्ही काय वाजवताय ते बघा. गाणी आणि इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ मुळातच स्टिरिओ असतात. रिसीव्हरवर 'प्रो लॉजिक' किंवा 'डॉल्बी सराउंड' लावलं की तो अंदाजाने आवाज सगळीकडे पसरवतो. सिनेमाला ते मला चालतं. गाण्याला मी कधीच लावत नाही. गायकाचा आवाज समोरून यावा, पाठीमागून नाही.

तुमच्या सिस्टिमच्या मागे कोणकोणती भोकं आहेत आणि एचडीएमआय असेल तर त्यावर 'इन' लिहिलंय की 'आउट', एवढं कळवा. मग नेमकी कुठली वायर घ्यायची ते सांगतो.