नोकरी सांभाळून नगररचनेची पदवी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी एका नगरपरिषदेत स्थापत्य अभियंता आहे. बांधकाम परवानगीच्या फायली रोज हाताखालून जातात, पण विकास आराखड्याच्या कामाला बसवलं की आपला पाया कच्चा आहे हे जाणवतं. मोबाइलवर ‘घरबसल्या नगरनियोजनात पदव्युत्तर पदवी, यूजीसीमान्य’ अशा जाहिराती येतात. ती घेतली तर नगररचनाकार होता येईल का? (सातारा जिल्हा)

उत्तर : आधी ‘यूजीसीमान्य’ या शब्दाबद्दल, कारण लोकांची फी बहुतेकदा तिथेच बुडते. विद्यापीठ मान्यताप्राप्त असणं ही एक गोष्ट. त्या विद्यापीठाला तोच अभ्यासक्रम, त्याच पद्धतीने, त्याच सत्रात चालवण्याची परवानगी असणं ही दुसरी. जाहिरात पहिली गोष्ट सांगते, तुम्हाला दुसरी हवी आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाची नियमावली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२० साली केली. तिच्यात अभियांत्रिकी आणि वास्तुकला हे विषय या पद्धतींना बंद आहेत. एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) कायदा, १९८७ मध्ये ‘तंत्रशिक्षण’ या व्याख्येत नगररचना याच दोन विषयांच्या पंक्तीत येते. त्यामुळे भारतातली एखादी संस्था संपूर्ण ऑनलाइन ‘एम.प्लॅन’ (नियोजनातली पदव्युत्तर पदवी) किंवा ‘एम.टेक.’ देऊ करत असेल, तर पैसे भरण्याआधी थांबा आणि पडताळा.

पडताळायचं ते यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर. विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं तंतोतंत नाव, पद्धत आणि प्रवेशाचं सत्र, चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत. ‘एम.ए. नागरी अभ्यास’ची परवानगी म्हणजे ‘एम.प्लॅन’ची परवानगी नव्हे. यादीच्या पानाची तारखेसह प्रत काढून जपून ठेवा. काही वर्षांनी कागदपत्रं तपासली जातात तेव्हा जुन्या सत्राची यादी शोधणं जिकिरीचं होतं. मध्यस्थ यादीऐवजी कसलंसं जुनं पत्र दाखवू लागला, तर तिथेच विषय संपवा.

आता मूळ प्रश्न. पद कोणतं हवं ते आधी ठरवा आणि त्या पदाच्या मागच्या दोन-तीन भरती जाहिरातींतला शैक्षणिक अर्हतेचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. राज्याच्या नगररचना विभागातल्या सहायक नगररचनाकार पदासाठी एमपीएससीच्या जाहिरातींत स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी चालत आली आहे. म्हणजे ज्या दारासाठी तुम्ही पदवी विकत घ्यायला निघालात, ते तुमच्या हातातल्या पदवीनेही उघडू शकतं. नीती आयोगाने २०२१ साली नगरनियोजनाच्या मनुष्यबळावर जो अहवाल दिला, त्यात राज्यांच्या नगररचना विभागांतल्या ३,९४५ मंजूर पदांपैकी ४२ टक्के रिकामी असल्याचं नोंदवलं आहे. अनेक राज्यांत नगररचनाकाराच्या पदाला नगररचनेचं शिक्षण अनिवार्यच नाही, हेही त्यात आहे. ही स्थिती शहरांसाठी वाईट आहे आणि बदलायला हवी. तोवर तुमच्या दृष्टीने अर्थ एवढाच की परीक्षेसाठी अर्हता आणि कामासाठी ज्ञान या दोन वेगळ्या गरजा आहेत.

ज्ञानाची गरज नोकरी करत भागते. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) नगरनियोजन व विकासातली पदव्युत्तर पदविका किमान एक वर्षाची आहे. तुमच्या सत्रात प्रवेश सुरू आहेत का ते पाहा. जोडीला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मुळातून वाचा. कलम २१ ते ३१ हा आराखड्याचा प्रवास, ३७ म्हणजे फेरबदल, १२७ म्हणजे आरक्षण (बाग, शाळा अशा सार्वजनिक वापरासाठी जमीन राखून ठेवणं) व्यपगत, म्हणजे रद्द होणं. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली तुम्ही रोज वापरताच. आता ती छाननीसाठी न वाचता, रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र (भूखंडावर करता येणारं एकूण बांधकाम) यांची सांगड तिथे का घातली आहे, या प्रश्नाने वाचा.

पूर्ण पदवीच हवी असेल तर मार्ग वर्गातूनच जातो: पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेचा ‘वास्तुकला व नियोजन’ हा पेपर आता दोन भागांत असतो. पहिला सर्वांना सारखा, दुसऱ्यात वास्तुकला किंवा नियोजन निवडता येतं. तुम्ही नियोजन निवडा. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, त्यामुळे आधी परीक्षा द्या आणि रजेचं नंतर जुळवा. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती तुमच्या संवर्गाला कशी लागू होते ते आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. कोणताही अभ्यासक्रम, अगदी पदविकासुद्धा, सुरू करण्याआधी कार्यालयाची परवानगी घेऊन सेवापुस्तकात नोंद करून घ्या. परवानगीशिवाय मिळवलेली पदवी पुढे नोंदवताना आक्षेप येतात.

प्रश्न : मी वास्तुविशारद, खासगी कार्यालयात. नागरी अभ्यासातल्या दूरस्थ एम.ए.ला प्रवेश घेते आहे. वेळ किती द्यावा लागेल? आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांना मिळणारा स्टुडिओ मला कुठून मिळणार? (नागपूर)

उत्तर : वेळेचा हिशेब सोपा आहे. दूरस्थ पद्धतीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. ८० श्रेयांकांची एम.ए. म्हणजे २,४०० तास. दोन वर्षांत संपवायची तर आठवड्याला २३ तास, चार वर्षांत पसरली तर साडेअकरा. नोकरी करून २३ तास फार थोड्यांना निभतात. तीन वर्षं धरून चालावं आणि पहिल्या सहामाहीत विषय कमी घ्यावेत. गाडी अडते ती स्वाध्यायांपाशी (असाइनमेंट): ते मुदतीत गेले नाहीत तर सत्रान्त परीक्षेचा रस्ता बंद होतो. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि जूनच्या परीक्षेचे स्वाध्याय नेमके मार्चअखेरच्या धामधुमीत द्यायचे असतात. ते जानेवारीतच हातावेगळे करा.

स्टुडिओची, म्हणजे खऱ्या जागेवर नियोजनाचा हात बसवण्याच्या वर्गाची, उणीव मात्र खरी आहे. नगररचना वाचून अर्धीच समजते. उरलेली नकाशा आणि रस्ता यांच्यामध्ये समजते. म्हणून स्वतःचा स्टुडिओ उभा करा. चालत फिरता येईल असा ४०-५० हेक्टरचा भाग घ्या आणि तो पूर्ण शिक्षणभर सोडू नका. प्रत्येक विषयाचा स्वाध्याय त्याच भागावर केला की शेवटचा प्रबंध निम्मा तयार झालेला असतो.

पहिलं काम विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण. प्रत्येक इमारतीचा तळमजल्याचा वापर, वरच्या मजल्यांचा वापर आणि मजल्यांची संख्या टिपा. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेली इमारत नुसती ‘वाणिज्य’ म्हणून रंगवली की पुढे लोकसंख्येचा अंदाजच चुकतो. रस्त्याची रुंदी टेपने मोजा, तीही दोन ठिकाणी; आराखड्यात १२ मीटर दाखवलेला रस्ता जागेवर ९ भरणं नवलाचं नाही. रंग भारतीय रूढीचेच ठेवा: निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक-निमसार्वजनिक लाल, क्रीडांगणं-उद्याने हिरवी. अमेरिकी पाठ्यपुस्तकांत वाणिज्य लाल आणि सार्वजनिक निळा असतो. तिकडचा नमुना पाहून रंगवलेला नकाशा इथल्या परीक्षकाला उलटा वाचावा लागतो.

नकाशासाठी क्यूजीआयएस ही मोफत प्रणाली पुरते. यात नवशिक्यांची हमखास चूक प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीची. थर (लेयर) अक्षांश-रेखांशातच (प्रणालीतला क्रमांक ईपीएसजी ४३२६) ठेवून नुसत्या भूमितीवरून क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशांत येतं, म्हणजे निरुपयोगी. आधी थर यूटीएम प्रक्षेपणात नव्याने जतन करा; ते पृथ्वीचे क्रमांकित विभाग पाडून मीटरमध्ये मोजतं. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेचा महाराष्ट्र आणि गोवा हे यूटीएमच्या विभाग ४३ मध्ये येतात (ईपीएसजी ३२६४३). नागपूर, वर्धा, चंद्रपूर विभाग ४४ मध्ये (ईपीएसजी ३२६४४). पुण्याच्या विद्यार्थ्याची फाइल तशीच उचलली तर विभाग चुकीचा येतो, ध्यानात ठेवा. थराचा नुसता प्रक्षेपणाचा शिक्का बदलणं आणि थर खरोखर रूपांतरित करणं या वेगळ्या क्रिया आहेत. पहिली केली तर नकाशा भलतीकडेच जाऊन बसतो.

जुना गावनकाशा किंवा आराखड्याची छापील प्रत जमिनीवर बसवताना फक्त चार कोपरे धरू नका. कागद मध्ये ताणलेला किंवा आक्रसलेला असतो. न हललेल्या खुणा घ्या: जुन्या विहिरी, रेल्वे फाटक, देवळं, शिवेचे तिठे. अशा दहा-बारा, सर्वत्र विखुरलेल्या. एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा फार मोठी दिसली तर तो बिंदू पुन्हा तपासा. परिवर्तनाचा वरचा घात (नकाशा जास्त वाकवणारं सूत्र) निवडून ती चूक झाकू नका.

लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतून घ्याल तेव्हा हद्द तीच आहे का ते पाहा. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि पहिल्या ११ मधली उरुळी देवाची व फुरसुंगी पुढे वगळली गेली. जुन्या हद्दीच्या आकड्याला नव्या हद्दीच्या क्षेत्रफळाने भागलं की घनता खोटी निघते. आराखडा किंवा त्याचा अहवाल सहज मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. विषय मंजूर होण्याची वाट न पाहता पहिल्या सहामाहीतच तो टाका.

प्रश्न : पुण्यात वाहतूक सल्लागार कंपनीत आहे. अमेरिकी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी घेऊन नंतर तिकडे नोकरी, असा विचार आहे. (पुणे)

उत्तर : पदवी खरी असू शकते, पण तुमच्या योजनेतला दुसरा टप्पा तिच्यातून निघत नाही. अमेरिकेत नियोजनाच्या पदव्यांना प्लॅनिंग अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड प्रमाणित करतं. फ्लोरिडा विद्यापीठाची ऑनलाइन नागरी व प्रादेशिक नियोजन पदव्युत्तर पदवी अशी प्रमाणित आहे. तिथल्या ‘एआयसीपी’ या व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी प्रमाणित पदव्युत्तर पदवी असली की अनुभवाची अट दोन वर्षांवर येते. मात्र पुण्यात बसून ऑनलाइन शिकणाऱ्याला विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, आणि त्यामागून येणारी शिक्षणोत्तर कामाची परवानगीही नाही. तिकडे जाणं हाच हेतू असेल तर प्रत्यक्ष प्रवेश घ्या.

इथेच राहून शिकायचं असेल तर तीन गोष्टी तपासा. एक, फी श्रेयांकामागे किती आणि परदेशस्थ विद्यार्थ्याला वेगळी आहे का. दोन, थेट वर्ग किती: फ्लोरिडातले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. तीन, परत इथल्या सरकारी पदाला ती पदवी लागेल का. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीची २०२५ ची नियमावली आहे. ऑनलाइन पद्धतीचा स्पष्ट उल्लेख करून आधीच लेखी विचारणा करा.

अभ्यासक्रमाचा गाभाही तिकडचाच असतो. तिथे झोनिंगभोवती, म्हणजे भागवार जमीन वापर ठरवण्याभोवती, सगळं फिरतं; त्याला १९२६ च्या युक्लिड खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं बळ मिळालं. आपल्याकडचा खरा पेच आरक्षणाचा आहे: खासगी जमिनीवर बागेचा किंवा शाळेचा शिक्का, दहा वर्षांत संपादन नाही, मग मालकाची कलम १२७ ची नोटीस, किंवा जमिनीच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क, टीडीआर). वाहतुकीच्या प्रतिमानांसाठी (मॉडेलसाठी) ती पदवी तुम्हाला उत्तम उपयोगी पडेल. आराखड्याच्या कामासाठी इथला कायदा वेगळा शिकावाच लागेल.

प्रश्न : समाजशास्त्रात बी.ए., वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थेत नोकरी. अभियंता नसताना या क्षेत्रात येता येतं का? (नाशिक)

उत्तर : येता येतं, आणि तुमच्यासारख्यांनी यायलाच हवं, वस्तीतल्या पाण्याच्या आणि शौचालयांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत तो आराखडा वेगळा वाचतो. इग्नूची एम.ए. नागरी अभ्यास तुम्हाला कोणत्याही अभियांत्रिकी अटीशिवाय घेता येईल. पुढे वर्गातलं एम.प्लॅन करायचं मनात असेल तर दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरसारख्या संस्था समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल या विषयांतल्या पदव्युत्तरांना प्रवेश देतात. एम.ए.चा विषय निवडतानाच त्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत तो नावानिशी आहे का ते पाहा. ‘नागरी अभ्यास’ तिथे नसेल तर सरळ समाजशास्त्रात एम.ए. करा. मधल्या काळात एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटींचे नगर व वाहतूक नियोजनाचे अभ्यासक्रम मोफत ऐका. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचं शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. नकाशाचं काम शिकणं टाळू नका. वरच्या उत्तरातलं सर्वेक्षण तुमच्या संस्थेच्या एका वस्तीवर करून पाहा.